अंगणात उकरणारं पिल्लू: आधी खड्डा नीट बघा, मग उपाय करा

चिंगी आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती, रस्त्यावरच्या कुत्रीचं पिल्लू. पाच महिन्यांची झाली तशी तिने अंगण उकरायला सुरुवात केली. पुण्यात सहकारनगरमध्ये आमचं जुनं बैठं घर आहे. पुढे मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि मागे चिकू. पहिल्या आठवड्यात सात खड्डे मोजले. सासूबाईंनी दहा वर्षं जपलेला मोगरा एका सकाळी मुळांसकट फरशीवर आडवा पडलेला दिसला, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्याची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळत बसल्या. मला तेव्हा खूप वाईट वाटलं आणि चिंगीचा रागही आला.

मी खड्डे बुजवले. तिने तेच परत उकरले. मी ओरडले, ती पळून गेली आणि मी आत वळल्यावर पुन्हा कामाला लागली. पुढचे दोन महिने आमचे डॉक्टर, आमचे माळीकाका आणि मुख्य म्हणजे ते खड्डे यांच्याकडून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. आता चिंगी दीड वर्षाची आहे आणि मोगऱ्याला परत फुलं येतात.

सगळे खड्डे एका कारणाने पडत नाहीत. उन्हाने कासावीस झालेलं पिल्लू, घुशीचा वास लागलेलं पिल्लू आणि कंटाळलेलं पिल्लू बाहेरून सारखीच माती उडवताना दिसतात, पण एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून पहिली पायरी उपायाची नाही.

पहिले आठ दिवस फक्त नोंद ठेवा

एक वही घ्या. प्रत्येक खड्ड्यासाठी चार गोष्टी लिहा: कुठे पडला, किती वाजता, किती खोल, आणि उकरून झाल्यावर कुत्र्याने काय केलं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच आपण बघत नाही, कारण तोवर आपण ओरडायला लागलेलो असतो.

माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी असं आहे: दुपारी दोन, चिकूखाली, वीतभर खोल, उकरून आत जाऊन झोपली. एप्रिलचा शेवट होता, पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला. मी वाटच बघत होते, ती उठल्यावर खड्ड्यात हात घातला. वरची माती तळव्याला चटका देत होती आणि वीतभर खाली माती गार, किंचित ओलसर लागली. जिथे तिचं पोट टेकलं होतं तिथे मातीवर पोटाचा गोल ठसाही उमटला होता. माझी बाग नासवावी असं तिच्या मनात काहीच नव्हतं. तिला गार जागा हवी होती आणि मी ती दिली नव्हती.

आठ दिवसांनी वही वाचली की खड्ड्यांचे गट आपोआप पडतात. पोटाच्या आकाराचा, सावलीतला, दुपारचा खड्डा उकाड्याचा. नाक खुपसून, थांबून, कान टवकारून एकाच जागी उकरलेला खोल खड्डा जमिनीखालच्या प्राण्याचा. हिरवळीत विखुरलेले छोटे छोटे खड्डे किड्यांचे. नुकतं खत घातलेल्या आळ्यातला खड्डा खताच्या वासाचा. फाटकाशी किंवा कुंपणालगत उकरलेला पळून जाण्यासाठीचा. आणि घरात कुणी नसताना कुठेही, कसाही, पायपुसणं वगैरे फाडून शेवटी उकरलेला, तो कंटाळ्याचा. कुत्र्याने खड्ड्यात काही पुरून वर नाकाने माती लोटली असेल, तर तो साठवणीचा. त्यावर उपाय म्हणजे अंगणात हाड किंवा मोठं चघळण घेऊन जाऊ न देणं, बास.

जातीचाही भाग असतो. डॅशहंड ही जात बिळात शिरून शिकार करण्यासाठीच तयार केली गेली. टेरियर जातींचंही तेच. बीगल नाकाच्या मागे जाते. हस्की पुण्याच्या उन्हात गारव्यासाठी उकरते. आपली देशी कुत्री तर पिढ्यानुपिढ्या मातीत जागा करूनच झोपत आलेली आहेत. त्यामुळे उकरणं कायमचं बंद करायचं, असं ध्येय ठेवू नका. ते ठरावीक जागी व्हावं, एवढंच साधायचं आहे.

उकाडा असेल तर

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लवकर सुटणारा भाग आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं, म्हणून दुपारच्या उन्हात त्याला फार वाव उरत नाही. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पिल्लाला उघड्या अंगणात ठेवूच नका. बाहेर ठेवणं भाग असेल तर हिरवं शेडनेट बांधा, त्याखाली जमिनीपासून थोडी उंच बाज ठेवा म्हणजे खालून वारा खेळतो, आणि शेजारी दोन पसरट भांड्यांत पाणी ठेवा. एक सांडलं तरी दुसरं राहतं. ओलं गोणपाट फरशीवर अंथरलं तर बहुतेक पिल्लं आपणहून त्यावर जाऊन पसरतात. आम्ही वऱ्हांड्याला वाळ्याचा पडदा लावला आणि दिवसातून तीनदा भिजवला. चिकूखालचा खड्डा चौथ्या दिवसापासून तिने सोडला.

पिल्लू उकरून आत बसल्यावरही जोरात धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, तर ते उष्माघाताचं लक्षण धरा. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि वाटेतही ओलं ठेवत थेट डॉक्टरांकडे न्या.

किडे, घुशी आणि खत

वळवाचा पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, मातीत अंडी घालतात आणि पुढे पावसाळाभर त्यांच्या पांढऱ्या अळ्या गवताची मुळं खातात. कुत्र्याला त्या कुरतडण्याचा आवाज आणि वास येतो. हिरवळीचा तुकडा हाताने ओढल्यावर सतरंजीसारखा सुटून आला आणि खाली बाकदार पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर तुमचं पिल्लू तुम्हाला बागेतला खरा रोग दाखवतं आहे. अळ्या वेचून काढा, निंबोळी पेंड मातीत नीट मिसळून पाणी द्या. अळ्या गेल्या की उकरणंही जातं.

घुशीचं बीळ ओळखायला सोपं: तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, आणि ते बहुधा पाण्याच्या टाकीच्या कडेला, भिंतीच्या पायाशी किंवा कंपोस्टच्या खड्ड्याजवळ असतं. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. विष घालू नका. कुत्रं ते थेट खाऊ शकतं किंवा विष खाऊन मेलेली घूस खाऊ शकतं, आणि काही विषांचा परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात. पिंजरा लावा. ओला कचरा झाकणाच्या डब्यात कंपोस्ट करा, पक्ष्यांना टाकलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या, कुत्र्याचं उरलेलं खाणं रात्री बाहेर ठेवू नका. खाणं मिळेनासं झालं की घूस जागा बदलते. घुशी-उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो माणसांनाही होतो, म्हणून उकरणाऱ्या कुत्र्याची ही लस दरवर्षी चुकवायची नाही.

आता खत. मोगरा उपटला त्याच्या दोनच दिवस आधी मी एका रोपवाटिकेतून तयार मिश्रखत आणून आळ्यात घातलं होतं. माळीकाकांनी मातीची चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाले, “ताई, तिला रागावून काय उपयोग? यात हाडांचा चुरा आहे. तुम्हीच तिला जेवायला बोलावलंय.” हाडांचं खत आणि मासळीचं खत कुत्र्याला खाण्यासारखंच वाटतं. त्याहून घातक असते एरंडीची पेंड. तिच्यात रायसिन हे तीव्र विष असू शकतं आणि ती हाडांच्या चुऱ्यात मिसळली तर कुत्रं ती आवडीने खातं. कुत्रं घरात आल्यावर खत घेताना गोणीत नेमकं काय आहे ते विचाराच, आणि एरंडी पेंड असेल तर तसंच परत करा. मी कुजलेलं शेणखत आणि गांडूळखत वापरते, आणि घातल्यावर वर पाचोळ्याचा जाड थर देते. पावसाळ्यात गोगलगायींसाठी मिळणाऱ्या गोळ्याही कुत्र्याला विषारी असतात. मीठ किंवा गोळ्या टाकण्यापेक्षा संध्याकाळी बॅटरी घेऊन गोगलगायी हातमोज्याने गोळा करणं बरं.

उकरताना मुळं चघळण्याची सवय असेल तर कण्हेर, बिट्टी, सायकस आणि रुई यांच्याभोवती जाळी हवीच. ही सगळी झाडं पुण्याच्या बागांमधून सर्रास दिसतात आणि सगळीच विषारी आहेत.

तिच्या हक्काची जागा

कारणं दूर केल्यावर जे उकरणं उरतं, ते हौसेचं. त्यासाठी वेगळी जागा करून द्यायची. यात मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

जागा सावलीत निवडा, पण भिंतीचा पाया, पाण्याची पाइपलाइन, जमिनीखालून गेलेली वायर आणि मोठ्या झाडाचं खोड यांपासून लांब. मध्यम आकाराच्या कुत्र्याला चार बाय तीन फूट पुरते, लॅब्रेडॉरला पाच बाय चार घ्या. एक फूट खणा आणि कडेने अर्धा फूट उंच विटांचा कठडा करा, म्हणजे दीड फूट खोली मिळते आणि कुत्र्याला हद्दही दिसते. ही हद्द दिसणं महत्त्वाचं आहे. नुसती मोकळी माती दाखवून ‘इथे उकर’ म्हटलं तर इथे म्हणजे कुठे, ते त्याला कळत नाही. तळाला फरशी घालू नका, पाणी मुरायला हवं. तुमच्याकडे काळी माती असेल तर तळाशी तीन-चार इंच मुरूम ठोकून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिथे डबकं होतं.

भरायला काय? हल्ली बांधकामावर बहुतेक क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, मिळते. ती धारदार असते, पंजांच्या मधल्या कातडीला टोचते आणि धूळही फार. मी दोन भाग लाल माती आणि एक भाग चाळलेली प्लास्टरची वाळू मिसळून घातली. चार बाय तीनच्या, दीड फूट खोल जागेला साधारण 18 घनफूट लागतं, म्हणजे सिमेंटच्या गोणीएवढ्या जवळजवळ 15 गोण्या. भरण्याआधी माती हाताखालून घाला. काचा, खिळे, टोकदार खडे निघतातच. आमच्या मातीत कपबशीचे तुकडे निघाले.

शिकवण्याची रीत अशी. पहिले तीन दिवस तिचा आवडता चेंडू तिच्या डोळ्यांसमोर अर्धा पुरा, अर्धा वर दिसू द्या. तिने पंजा मारला की तोच क्षण साधून एक ठरावीक शब्द म्हणा. आमचा शब्द ‘उकर’. चेंडू निघाला की भरपूर कौतुक आणि हातातून खाऊ. खाऊ थेट वाळूत पुरू नका, खाऊला चिकटून वाळू पोटात जाते आणि साठली तर आतड्यात अडकते. चौथ्या दिवसापासून चेंडू पूर्ण पुरा, मग थोडा खोल, मग ती दिसत नसताना आधीच पुरून ठेवा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पुरतात. आठव्या दिवशी चिंगी माझ्याआधी तिथे जाऊन, कठड्यावर पुढचे पाय ठेवून, शेपटी हलवत उभी होती.

यानंतरही रोज एखादी वस्तू त्यात पुरलेली असली पाहिजे. आठवडाभर काहीच सापडलं नाही तर ती मोगऱ्याकडे वळणार, आणि तसं झालं तर चूक आपली.

बाकी अंगणात उकरताना दिसली तर

पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला अंगणात एकटं सोडू नका. सगळ्यांना हेच जड जातं, मलाही गेलं, पण एकट्याने मजेत पाडलेला एक खड्डा आठ दिवसांची मेहनत धुवून टाकतो. वेळ नसेल तेव्हा घरात ठेवा किंवा बागेचा भाग बांबूच्या ताट्यांनी बंद करा. आम्ही सुरुवातीला दहा फुटी दोरी पट्ट्याला लावून ठेवायचो, म्हणजे मागे धावावं लागत नाही.

नको तिथे पंजा मारला की ओरडू नका. आनंदी आवाजात हाक मारा, ती वळली की शाबासकी द्या, तिच्या जागेवर न्या आणि ‘उकर’ म्हणा. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. आमच्याकडे मी हाक मारायचे, आणि सासूबाई लांबून “हाड्, हाड्!” करायच्या. चिंगीला वाटायचं दोघी आपल्याशी पकडापकडी खेळताहेत. मग मी सासूबाईंनाच वाळूत चेंडू पुरायचं काम दिलं. आता ती त्यांच्या मागे मागे असते.

खड्डा नंतर सापडला तर काहीही करू नका, मुकाट्याने बुजवा. कुत्रं रागावण्याचा संबंध त्या क्षणी घडणाऱ्या गोष्टीशी जोडतं, तासापूर्वीच्या खड्ड्याशी नाही. कान पाडून, मान वळवून बसलेलं पिल्लू अपराधी वाटतं खरं, पण ते तुमच्या चढलेल्या आवाजाला घाबरलेलं असतं.

झाडांच्या आळ्यांचा बंदोबस्तही करा. कोंबडीची जाळी मातीखाली दोन इंचांवर आडवी घाला, कापलेली टोकं नीट दुमडून खाली वळवा, आणि मध्ये खोडाला वाढायला जागा ठेवा. किंवा शहाबादी फरशीचे तुकडे, मोठे गोटे खोडाभोवती मांडा. मोगऱ्याला आम्ही गोटेच मांडले, ते दिसायलाही छान दिसतात.

लोक जे सांगतात त्यातलं काय करू नये: मिरचीपूड टाकू नका, ती डोळ्यांत आणि नाकात जाऊन आग होते. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नाहीत, त्या विषारी आहेत. खड्ड्यात पाणी भरून पिल्लाचं तोंड बुडवायचा सल्ला मला दोघांनी दिला. तो शुद्ध क्रूरपणा आहे आणि त्याने पिल्लू फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं.

कंटाळा आणि कुंपण

चार महिने ते दोन वर्षं या वयात अंगात रग असते. त्यात चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हा चावणं आणि उकरणं दोन्ही वाढतं. अंगण मोठं आहे म्हणजे व्यायाम झाला, असं नसतं. रोज तेच अंगण हुंगून त्याला काय मिळणार? सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी रस्ता गार झाल्यावर फेरी हवी. घाईने ओढत नेऊ नका, मनसोक्त हुंगू द्या. अर्धा तास हुंगत चाललेलं पिल्लू घरी येऊन गाढ झोपतं. रविवारी एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी दोरीला बांधून नेलं तर तो आठवड्याचा सण होतो. घरी असताना पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेले कागद आणि त्यात त्याचं रोजचंच खाणं टाकून द्या, समोर बसून. पुठ्ठा खाणारं पिल्लू असेल तर हे नको.

कुंपणाखालून उकरत असेल तर ते पळून कुठे जातं आणि का, ते बघा. नर असेल तर आसपास हीटमध्ये, म्हणजे माजावर, आलेली मादी असू शकते; नसबंदीविषयी डॉक्टरांशी बोला, त्याने भटकणं कमी होतं, पण गारव्यासाठी किंवा किड्यांसाठी उकरणं त्याने थांबत नाही. कुंपणाच्या तळाशी फूटभर रुंद जाळी आतल्या बाजूला जमिनीत आडवी पुरून तारेने बांधा. कडेला उकरायला गेलं की पंजा जाळीवर पडतो.

गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की एरवी शांत असलेलं कुत्रंही फाटकाशी वेड्यासारखं उकरतं. तिथे शिकवणीचा काही उपयोग नाही. त्या दिवसांत त्याला घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा, जवळ बसा. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घाला.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

पिल्लू नुसतं उकरत नाही तर माती खातं आहे, हिरड्या फिक्या दिसताहेत, पोट फुगलेलं आहे, तर जंत किंवा रक्त कमी असण्याची शक्यता असते. हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी मादी अचानक कोपऱ्यात खोल उकरू लागली, खेळणं कुशीत घेऊन बसू लागली, तर ती खोटी गर्भावस्था असू शकते. उकरता उकरता नख तुटून रक्त आलं, डोळ्यात माती जाऊन डोळा उघडेना, किंवा पावसाळ्यात उकरताना एकदम किंचाळून तोंड नाहीतर पंजा सुजला, तर थांबू नका. आपल्या टेकड्यांलगतच्या वस्त्यांमध्ये घोणस आणि नाग दोन्ही निघतात. कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही न करता, कमीत कमी हलवून, साप-विषावरची लस आहे का हे फोनवर विचारून तिथेच न्यायचं.

सगळं नीट केलं तर उकाड्याचे आणि खताचे खड्डे आठवडाभरात थांबतात. हौसेच्या उकरण्याला जागा लावायला आम्हाला पावणेदोन महिने लागले, मध्ये दोनदा मोगऱ्याकडे परत गेलीच. पावसाळ्यात तिची जागा ताडपत्रीने झाकून ठेवा, नाहीतर चिखल होतो आणि शेजारपाजारची मांजरं तिथेच घाण करतात. दिवाळीच्या सुमारास ऊन पडलं की वरची अर्धा फूट माती काढून नवी घाला, आणि पहिल्या दिवशी चेंडू पुन्हा अर्धाच पुरा.